दिवसाचा ऊर्जाखर्च मोजून घेताना

माणसाचे शरीर रोजच्या जगण्यात किती ऊर्जा खर्च करते हे त्याला कोठेही अडकवून न ठेवता मोजायचे असेल, तर आज सर्वांत विश्वासार्ह मानली जाणारी पद्धत म्हणजे त्याला अर्धा पेला विशिष्ट पाणी पाजणे आणि पुढचे दोन आठवडे त्याच्या लघवीचे नमुने तपासणे. मी या मोजणीतून दोनदा गेले, एकदा व्यायाम सुरू करण्यापूर्वी आणि एकदा काही महिने नियमित व्यायाम केल्यानंतर. या काळात जे पाहिले, विचारले आणि समजून घेतले ते सविस्तर लिहावेसे वाटते. व्यायाम आणि कॅलरी यांविषयी आपण जे बोलतो त्यातले बरेचसे साध्या बेरीज-वजाबाकीवर उभे असते. प्रत्यक्षात शरीर ही बेरीज स्वतःच्या रीतीने करते, आणि हे मला माझ्याच आकड्यांत पाहायला मिळाले.

एका संशोधन केंद्राला बैठे काम करणारे, मध्यमवयीन, कोणताही ठळक आजार नसलेले स्वयंसेवक हवे होते. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, वजन साधारण बासष्ट किलो, दिवसाचा बहुतेक वेळ टेबलापाशी, असे माझे वर्णन त्यांच्या अटींत नेमके बसत होते. प्रवेशापूर्वी रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि अवटू (थायरॉइड) ग्रंथीची संप्रेरके तपासली गेली. अवटू ग्रंथीचे काम मंदावले किंवा वाढले, तर विश्रांतीतला ऊर्जाखर्चच बदलतो आणि मग व्यायामाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. गेल्या काही महिन्यांत वजन स्थिर होते ना, हेही बारकाईने विचारले गेले, कारण वजन उतरत असताना शरीराचा खर्चही आकसतो. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे त्या पाण्यात किरणोत्सर्ग असतो का. नसतो. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ हे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे स्थिर समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे थोडे जड, किरणोत्सर्ग न करणारे अणू आहेत. ते निसर्गातल्या प्रत्येक पाण्यात अत्यल्प प्रमाणात असतातच, या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढवलेले असते इतकेच.

पहिली मोजणी विश्रांतीतल्या खर्चाची होती. आदल्या संध्याकाळपासून चहा-कॉफी बंद, रात्रीच्या जेवणानंतर पाण्याखेरीज काही नाही, आदल्या दिवशी दमणूक होईल असे काही करायचे नाही आणि सकाळी केंद्रावर येताना जिनेसुद्धा चढायचे नाहीत, अशा सूचना होत्या. खोली ना थंड ना गरम ठेवलेली होती, कारण अंग थंडीने आखडले तरी खर्च वाढतो. अर्धा तास नुसते पडून राहिल्यावर माझ्या डोक्यावर पारदर्शक हुड ठेवला गेला. त्यातून हवा एका ठरावीक वेगाने ओढली जात होती आणि बाहेर जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती कमी झाला, कार्बन डायऑक्साइड किती वाढला, हे शेजारचे यंत्र सतत टिपत होते. हलायचे नाही, बोलायचे नाही आणि झोपायचेही नाही, कारण झोपेत खर्च आणखी थोडा उतरतो. डोळे मिटायला लागले की तंत्रज्ञ मुलगी हळूच म्हणायची, “ताई, जाग्या राहा.” पहिल्या काही मिनिटांच्या नोंदी तिने हिशेबात धरल्याच नाहीत. हुडखाली नव्याने आलेला माणूस नकळत जोरात श्वास घेतो आणि ते आकडे विश्वासाचे नसतात, असे तिने नंतर सांगितले.

पडद्यावरचा आकडा मला फार लहान वाटला. मिनिटाला दोनशे मिलिलिटरच्याही आत ऑक्सिजन, बस्स. पण एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की साधारण ४.८ किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते, या हिशेबाने दिवसाची बेरीज १,२८० किलोकॅलरींच्या जवळ गेली. काही न करता, नुसते जिवंत राहण्यासाठी लागणारा हा खर्च पुढे माझ्या एकूण दैनिक खर्चाच्या साठ टक्क्यांहून जास्त निघाला. बाहेर टाकलेल्या कार्बन डायऑक्साइडला वापरलेल्या ऑक्सिजनने भागले की शरीर त्या वेळी कोणते इंधन जाळत आहे याचाही अंदाज येतो. नुसते कर्बोदक जळत असेल तर हे गुणोत्तर १ येते आणि नुसती चरबी जळत असेल तर ०.७ च्या जवळ. माझे ०.८ च्या आसपास होते, म्हणजे रात्रभरच्या उपाशीपोटी शरीराचा भर बव्हंशी चरबीवर होता.

हे १,२८० नेमके जातात कोठे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नव्हता. आपली समजूत अशी असते की ऊर्जा स्नायू खातात. हालचालीच्या वेळी ते खरेही आहे, पण विश्रांतीत चित्र पार उलटे असते. यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांचे एकत्रित वजन शरीराच्या जेमतेम पाच-सहा टक्के भरते आणि तरीही विश्रांतीतल्या खर्चाचा निम्म्याहून अधिक, साठ टक्क्यांच्या आसपासचा वाटा या चारच अवयवांचा असतो. एक किलो मेंदू दिवसाला सुमारे २४० किलोकॅलरी घेतो, एक किलो यकृत सुमारे २००, हृदय आणि मूत्रपिंडे किलोमागे ४४० च्या घरात. तर एक किलो विसावलेला स्नायू केवळ १३ आणि एक किलो चरबी साडेचार. स्नायू वाढवले की बसल्याजागी भरपूर कॅलरी जळतात, असे जे सर्रास सांगितले जाते, ते या आकड्यांपुढे ठेवून पाहावे. दोन किलो स्नायू कमावणे हे कित्येक महिन्यांचे कष्टाचे काम आहे आणि त्याने विश्रांतीचा खर्च दिवसाला पंचवीस-सव्वीस किलोकॅलरींनी वाढेल. स्नायू कमवायला दुसरी पुष्कळ चांगली कारणे आहेत, त्यांना या कारणाची गरज नाही.

त्याच सकाळी ठरावीक वजनाचा नाश्ता देऊन पुढचे काही तास पुन्हा हुडखाली नोंदी घेतल्या. अन्न पचवणे, शोषणे आणि साठवणे यांनाही ऊर्जा लागते. प्रथिनांच्या कॅलरींपैकी वीस ते तीस टक्के, कर्बोदकांच्या पाच ते दहा टक्के आणि चरबीच्या शून्य ते तीन टक्के यातच खर्ची पडतात. मिश्र आहारात हा वाटा साधारण दहा टक्के येतो आणि माझा त्याहून फारसा वेगळा नव्हता.

आता त्या पाण्याविषयी. ही कल्पना मला इतकी सुंदर वाटते की ती पूर्ण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिनेसोटा विद्यापीठातील नेथन लिफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९४० च्या दशकातच लक्षात आले होते की आपण उच्छ्वासातून टाकतो त्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आणि शरीरातल्या पाण्यातला ऑक्सिजन यांची आपापसांत सतत देवाणघेवाण होत असते. रक्तात एक विकर आहे, ते ही अदलाबदल अतिशय वेगाने घडवते. म्हणजे खूण केलेला ऑक्सिजन (ऑक्सिजन-१८) पाण्यातून शरीरात घातला, तर तो दोन वाटांनी बाहेर पडेल: लघवी, घाम आणि बाष्प यांच्या रूपाने पाण्याबरोबर, आणि उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइडबरोबर. खूण केलेल्या हायड्रोजनला (ड्यूटेरियमला) मात्र पाण्याची एकच वाट मोकळी असते. दोन्ही खुणा एकाच वेळी दिल्या आणि त्या शरीरातून किती वेगाने विरळ होत जातात हे पाहिले, तर ऑक्सिजनची खूण अधिक वेगाने विरळ होते आणि त्या दोन वेगांतला फरक म्हणजेच शरीराने तयार केलेला कार्बन डायऑक्साइड. तेवढा कळला की जाळलेली ऊर्जा काढता येते. लिफसन यांनी ही पद्धत १९५५ मध्ये उंदरांवर वापरून दाखवली. माणसासाठी ऑक्सिजन-१८ फार मोठ्या प्रमाणात लागत असे आणि तो अतिशय महाग होता. मोजणीची यंत्रे इतकी संवेदनशील झाली की अल्प मात्रेत काम भागेल, तेव्हा कोठे १९८२ मध्ये डेल शोलर यांनी ती माणसात वापरली.

प्रत्यक्ष कृती मात्र विलक्षण साधी होती. आधी लघवीचा एक नमुना दिला, म्हणजे शरीरात निसर्गतः असलेले समस्थानिकांचे प्रमाण कळावे. मग माझ्या वजनाप्रमाणे मोजून भरलेली एक छोटी बाटली दिली गेली. ते पाणी नळीने प्यायचे, एकही थेंब सांडू द्यायचा नाही. ते संपल्यावर तंत्रज्ञ मुलीने त्याच बाटलीत साधे पाणी ओतले, झाकण लावून बाटली हलवली आणि मला तेही प्यायला लावले. हे तिने पुन्हा एकदा केले. पूर्ण हिशेब दिलेल्या मात्रेवर अवलंबून असल्याने बाटलीच्या कडांना चिकटलेला थेंबही सोडून चालत नाही. चवीला ते अगदी साधे पाणी होते. पुढचे काही तास खाणे-पिणे बंद, कारण ते पाणी अंगभर सारखे मिसळायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतरच्या नमुन्यात खूण किती विरळ झाली यावरून शरीरात एकूण पाणी किती आहे हे कळते. चरबी सोडून उरलेल्या शरीरात पाण्याचे प्रमाण साधारण ७३ टक्के असते, त्यामुळे त्याच आकड्यावरून चरबी किती आणि बाकीचे शरीर किती, हेही निघते. एका पेल्यातून इतकी माहिती बाहेर येते हे पाहून मला खरोखर आदर वाटला.

घरी नेण्यासाठी लहान कुप्या, चिठ्ठ्या आणि एक वही मिळाली. सकाळची पहिली लघवी घ्यायची नाही, दुसरी घ्यायची, कारण पहिली रात्रभर साठलेली असते आणि ती नेमक्या कोणत्या वेळच्या शरीराचे चित्र दाखवते हे सांगता येत नाही. नमुना घेतल्याची वेळ मिनिटापर्यंत लिहायची, कुपी घट्ट बंद करून बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. याशिवाय मांडीवर चिकटवलेले एक छोटे यंत्र होते. मी बसले आहे, उभी आहे की चालते आहे, आणि हालचाल किती जोरात आहे, हे ते सतत टिपत असे. सुरुवातीचे एक-दोन दिवस यंत्र अंगावर आहे म्हणून मी जरा जास्तच हिंडले. पुढे त्याचा विसर पडला. शास्त्रज्ञांनाही हे ठाऊक असते, म्हणून नोंदी पुष्कळ दिवसांच्या घेतात. पाण्याच्या पद्धतीचे बळही त्यातच आहे, कारण दोन आठवड्यांतले बसणे, चिडणे, जागरण, जिने, घरकाम हे सगळे वेगळे न लिहिता तिच्या हिशेबात आपोआप येते.

पहिल्या फेरीचा निकाल आला. दिवसाचा सरासरी खर्च २,०५० किलोकॅलरींच्या आसपास होता. विश्रांतीतल्या खर्चाच्या तुलनेत हे गुणोत्तर १.६, म्हणजे बैठ्या माणसाचे जसे असावे तसे.

व्यायामाचा कार्यक्रम चालणे आणि हळू धावणे यांचा होता, आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येक वेळी साधारण पाच किलोमीटर. सुरू करण्यापूर्वी मुखवटा लावून फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालायला आणि धावायला लावले, म्हणजे प्रत्येक वेगाला माझा ऑक्सिजन किती लागतो ते कळावे. पाच किलोमीटरला सुमारे ३०० किलोकॅलरी निघाल्या. येथे केंद्रातील संशोधिकेने एक गोष्ट मला कागदावर करून दाखवली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. त्या ३०० मध्ये, मी त्या वेळी खुर्चीत बसून राहिले असते तरी झालाच असता तो खर्चही धरलेला असतो. तो वजा केला की व्यायामाची खरी भर २५० च्या आसपास उरते. आठवड्यातले पाच दिवस धरून सात दिवसांवर वाटले तर रोजची भर १८० किलोकॅलरी येते. व्यायामाचे यंत्र किंवा मनगटावरचे घड्याळ मात्र मोठा, एकूण आकडाच दाखवते, आणि तोही अचूक असेल याची खात्री नसते. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा हृदयाचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले, पण ऊर्जाखर्चात सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली.

व्यायामाच्या महिन्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सुरुवातीला पोटऱ्या दुखल्या, पुढे दुखेनाशा झाल्या. ज्या वेगाला आधी बोलताना धाप लागत असे, त्या वेगाला नंतर सलग बोलता येऊ लागले. सकाळी जाग आल्यावरचे नाडीचे ठोके आधीपेक्षा स्पष्ट कमी झाले आणि झोप गाढ लागू लागली. भूक मात्र वाढली, आणि ती व्यायाम झाल्याबरोबर वाढत नसे. धावून आल्यावर तास-दीड तास खावेसेच वाटत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र हात आपोआप आणखी थोडे वाढून घेत असे. आहाराची वही मी प्रामाणिकपणे लिहीत होते, तरी केंद्रातील मंडळी त्या वहीवर फारशी विसंबली नाहीत. माणसे लिहितात ते खाणे आणि पाण्याच्या पद्धतीने मोजलेला खर्च यांची तुलना जेथे जेथे झाली आहे, तेथे बहुधा वहीतले खाणे कमी भरलेले आहे. वजन स्थिर असेल तर खर्च म्हणजेच खाणे, आणि तो आकडा वहीपेक्षा भरवशाचा, असे त्यांचे म्हणणे होते.

कार्यक्रमाच्या शेवटी सर्व मोजणी त्याच क्रमाने पुन्हा झाली. उपास, हुड, बाटली, कुप्या, मांडीवरचे यंत्र, सगळे पूर्वीसारखेच. निकाल समजावून द्यायला संशोधिकेने मला बोलावले आणि दोन्ही फेऱ्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. विश्रांतीतला खर्च जवळजवळ तोच होता, किंचित कमी. दिवसाचा एकूण खर्च वाढला होता, पण अपेक्षित १८० ऐवजी ११० च्या आसपास. व्यायाम तर मी नेमून दिल्याप्रमाणे केला होता आणि तो मुखवटा लावून मोजलेलाही होता. मग उरलेल्या सत्तर किलोकॅलरी गेल्या कोठे?

एक उत्तर मांडीवरच्या यंत्रात मिळाले. व्यायामाच्या दिवशी दुपारनंतर माझे बसणे वाढले होते. पूर्वी जेथे मी उठून काहीबाही करत असे, येरझाऱ्या घालत फोनवर बोलत असे, तेथे आता सलग बैठका दिसत होत्या. उभे राहण्याचे लहान लहान तुकडे नाहीसे झाले होते. मी हे ठरवून केले नव्हते आणि नोंद नसती तर मला ते कळलेही नसते. व्यायाम सोडून होणाऱ्या अशा बारीकसारीक हालचालींचा खर्च किती मोठा असू शकतो, हे जेम्स लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले आहे. त्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० किलोकॅलरी जास्त खायला घातल्या. चरबी मात्र कोणाची अर्ध्या किलोहूनही कमी वाढली आणि कोणाची चार किलोंहून जास्त. हा फरक मुख्यतः कोणाच्या नकळत होणाऱ्या हालचाली किती वाढल्या यावर अवलंबून होता. जे शरीर जास्त मिळाले की चुळबुळ वाढवते, तेच जास्त खर्च झाला की चुळबुळ आवरते, हे मला माझ्या आलेखात दिसत होते.

पण मी लगेच निष्कर्षावर पोहोचू लागले, तेव्हा संशोधिका म्हणाल्या, “तुमच्या एकटीच्या आकड्यांवरून काही सिद्ध करू नका. या पद्धतीत एका माणसाच्या एका मोजणीत पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकते. तुमच्या बाबतीत ते शंभर किलोकॅलरींच्या घरात जाते. सत्तरचा फरक त्यात बुडून जाईल.” हे ऐकून माझा हिरमोड झाला नाही, उलट आकड्यांकडे कसे पाहावे हे मला तेव्हा समजले. एका माणसातली मोजणी दिशा सुचवते, नियम सांगत नाही. नियमासाठी पुष्कळ माणसे लागतात.

पुष्कळ माणसांवरचे काम त्यांनी मग थोडक्यात सांगितले. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा या शिकार आणि कंदमुळे-फळे गोळा करून जगणाऱ्या लोकांचा ऊर्जाखर्च याच पाण्याने मोजला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. ही माणसे रोज मैलोन्‌मैल चालतात; तरी शरीराचा आकार हिशेबात घेतल्यावर त्यांचा दिवसाचा खर्च शहरी, बैठे जीवन जगणाऱ्या पाश्चात्त्यांच्या खर्चापेक्षा वेगळा निघाला नाही. २०१६ मध्ये पाँट्झर यांच्या गटाने पाच वेगवेगळ्या लोकसमूहांतील ३३२ प्रौढांच्या नोंदी मांडल्या. कमी हालचालीपासून मध्यम हालचालीपर्यंत एकूण खर्च वाढत गेला, त्यापुढे मात्र हालचाल वाढूनही तो जवळजवळ सपाट राहिला. २०२१ मध्ये विन्सेंट कारो आणि सहकाऱ्यांनी १,७५४ प्रौढांच्या नोंदींवरून असे काढले की हालचालीवर खर्च झालेल्या जादा ऊर्जेपैकी सरासरी २८ टक्के शरीर दुसरीकडे वाचवते आणि ज्यांच्या अंगात चरबी जास्त त्यांच्यात हे प्रमाण अधिक असते. या मांडणीला विरोधही आहे. काही अभ्यासांत हालचालीची भर जवळपास जशीच्या तशी एकूण खर्चात उतरलेली दिसते. आहार पुरेसा आहे की तुटपुंजा, यावरही बरेच अवलंबून असावे असा संशोधिकेचा कल होता आणि मला तो पटतो.

वजनाविषयी सांगायचे तर एक किलो शरीरातली चरबी म्हणजे ७,७०० किलोकॅलरी या प्रचलित सूत्राने माझे वजन त्या महिन्यांत तीन ते साडेतीन किलोंनी उतरायला हवे होते. ते एक किलोच्या आसपास उतरले. पाण्याच्या मोजणीवरून मात्र असे दिसले की चरबी त्याहून जास्त कमी झाली होती आणि चरबीविरहित शरीर थोडे वाढले होते. उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड्स दोन्ही खाली आली होती, रक्तदाबही थोडा उतरला होता. वजनकाट्यावर पाहणाऱ्याला या कार्यक्रमातून फारसे काही हाती लागले नाही असे वाटेल, आणि या एकाच कारणाने कितीतरी माणसे दोन-तीन महिन्यांत व्यायाम सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. स्नायू रक्तातली साखर अधिक सहज उचलू लागतात, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकते, स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारे घटक, मायटोकॉन्ड्रिया, वाढतात. यांतले काहीही वजनाच्या आकड्यात दिसत नाही.

शरीर बचत करते ती सगळी बसण्या-उठण्यातूनच करते असे नाही, आणि हा भाग मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटला. दीर्घकाळच्या उपासमारीत तो अगदी उघड दिसतो. १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी मिनेसोटात ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अपुऱ्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले, पण विश्रांतीतला खर्च त्याहून जास्त, चाळीस टक्क्यांच्या आसपास घसरला. त्यांना सतत थंडी वाजे, नाडी मंद झाली, इच्छा आणि उत्साह आटले. चरबीचे साठे कमी झाले की चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक उतरते. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने ते १९९४ मध्ये शोधले. लेप्टिन उतरले की मेंदूतील हायपोथॅलॅमस भूक वाढवतो, अवटू ग्रंथीचे काम मंदावतो आणि प्रजननाची यंत्रणा आवरती घेतो. खूप व्यायाम आणि त्यामानाने कमी खाणे, या जोडीमुळे खेळाडू मुलींची पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, ते याच यंत्रणेमुळे. बैठ्या माणसात हीच काटकसर सौम्य प्रमाणात झाली तर ती हितकारक असू शकते, असा एक विचार पाँट्झर मांडतात: विनाकारण चाललेला दाह आणि ताणाची संप्रेरके यांवर उधळली जाणारी ऊर्जा कमी होणे, हाच कदाचित व्यायामाच्या लाभांचा एक भाग असेल. ही कल्पना अजून पूर्ण सिद्ध झालेली नाही, पण रोजच्या व्यायामाने दाहाच्या खुणा कमी होतात हे मात्र चांगले प्रस्थापित आहे.

वरच्या टोकालाही मर्यादा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिका खंड ओलांडताना कित्येक आठवडे दर आठवड्याला सहा मॅरेथॉन धावणाऱ्या धावपटूंचा खर्च मोजला होता. सुरुवातीला तो खूप वर गेला, पण आठवडे उलटत गेले तसा खाली आला, आणि दीर्घकाळ टिकणारी मर्यादा विश्रांतीतल्या खर्चाच्या अडीच पटींच्या आसपास ठरली. त्याहून जास्त खर्च शरीर साठे मोडूनच करू शकते, कारण अन्नातून ऊर्जा आत घेण्याच्या वेगालाच सीमा आहे. गर्भवती स्त्रीचा खर्च महिनोन्‌महिने २.२ पटींच्या घरात असतो, म्हणजे त्या मर्यादेच्या अगदी जवळ. हा आकडा ऐकल्यावर मी बराच वेळ दुसरे काही विचारू शकले नाही.

दुसऱ्या फेरीनंतर मी एक बदल स्वतःहून केला. व्यायामाचे दिवस तसेच ठेवले, पण दुपारनंतरच्या सलग बैठका मोडायला सुरुवात केली: अर्ध्या-पाऊण तासाने उठणे, फोन आला की उभे राहणे, वाचन करताना मधूनच फेरी मारणे. केंद्राने काही दिवसांसाठी मांडीवरचे यंत्र पुन्हा दिले, तेव्हा त्या आलेखात हरवलेले उभे तुकडे बव्हंशी परत आलेले दिसले. त्याने एकूण खर्च किती वाढला हे पाण्याशिवाय सांगता येणार नाही आणि तसा दावाही मी करत नाही.

वयाविषयीचा माझा प्रश्न शेवटी उरला होता. तिशीनंतर चयापचय मंदावतो, म्हणून वजन वाढते, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला निसर्गनियमासारखे वाटत आले होते. संशोधिकेने मला २०२१ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेला आलेख दाखवला. जन्मून आठवडा झालेल्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत ६,४०० हून अधिक माणसांचा खर्च याच पाण्याच्या पद्धतीने मोजून तो काढला आहे. शरीराचा आकार आणि चरबीचे प्रमाण हिशेबात घेतल्यावर वर्षाच्या आसपासच्या बाळाचा खर्च प्रौढांच्या दीडपट असतो, तो विशीपर्यंत हळूहळू उतरतो आणि विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत राहतो. साठीनंतर तो दरवर्षी सुमारे ०.७ टक्क्याने घटतो. पन्नाशीतल्या माझ्या पेशी त्या सपाट रेषेवरच आहेत. साठी ओलांडल्यावर हीच संपूर्ण मोजणी पुन्हा करून घ्याल का, असे केंद्राने विचारले आणि मी लगेच होकार दिला. घट विश्रांतीच्या खर्चात होते की हालचालीच्या, हे तेव्हा या दोन फेऱ्यांच्या नोंदींशी ताडून पाहता येईल.